तीन दिवस आधीचा केक

अमेरिकेतल्या मराठी माणसाचे सगळे सण शनिवारी येतात. पंचांग काहीही म्हणो; गणपती शनिवारी, संक्रांत शनिवारी, बारसं तर शनिवारीच. त्यामुळे शुगर लँडच्या सरलाकाकूंनी विहीणबाईंचा मंगळवारी येणारा सत्तरावा वाढदिवस आदल्या शनिवारी करायचं ठरवलं, त्यात त्यांना काहीच वावगं वाटलं नाही.

विहीणबाई म्हणजे गिझेला, सून लेनाची आई. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधून पहिल्यांदाच तीन आठवड्यांसाठी आल्या होत्या. काकूंचे यजमान जाऊन दोन वर्षं झालेली, गिझेलाबाईंचे दहा. इकडे एकुलता एक अमित, तिकडे एकुलती एक लेना. या बाईशी आपलं सूत जुळावं, म्हातारपणी हक्कानं फोन करावा असं कुणीतरी मिळावं, एवढीच काकूंची इच्छा होती. आणि ते काही जुळेना!

कारण खिडक्या. गिझेलाबाई रोज सकाळी सहाला उठून घरातल्या एकूण एक खिडक्या सताड उघडायच्या. टेक्सासचा ऑगस्ट, बाहेर कुकरच्या वाफेसारखी हवा, आत एसी धापा टाकतोय.

"शिळी हवा बाहेर गेली पाहिजे," त्या शांतपणे सांगायच्या.

"अहो, पण बाहेरची उकळती आत येतेय, तिचं काय?" काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या.

थोडंफार जमलं ते एकदा कॉफीवर. कागदाच्या फिल्टरमधून कॉफी गाळताना गिझेलाबाई म्हणाल्या, "हा फिल्टर ड्रेस्डेनच्या एका गृहिणीनं शोधून काढला. मुलाच्या वहीतला टीपकागद फाडून."

"तरीच! पुरुषांनी कधी गाळ उपसलाय का?" काकू म्हणाल्या, आणि दोघी खळखळून हसल्या.

मग विहीणबाई खुलल्या. त्या जंगलातल्या बालवाडीत शिक्षिका होत्या. छप्पर नाही, भिंती नाहीत. पाऊस असो, बर्फ असो, तीन-तीन वर्षांची पोरं झाडांत.

"आजारी नाही पडत?" चाळीस वर्षं मुलांच्या डॉक्टर असलेल्या काकूंनी डोळे विस्फारले.

"आजारी घरात पडतात," उत्तर आलं. वडील लाकूडतोडे होते, तेही सांगितलं. त्यांच्याकडचे जुने लोक उतरत्या चंद्रातच झाड तोडतात, त्या लाकडाला कीड लागत नाही म्हणे. "मीही उतरत्या चंद्रातली. आई म्हणायची, तुला कीड लागायची नाही." काकूंनी हे ऐकलं आणि विसरल्या. डोक्यात केकची ऑर्डर होती ना!

बेत एकदम गुप्त. लेनालासुद्धा सांगितला नव्हता. "तिला खोटं बोलता येत नाही, आई. विचारलं की सांगून मोकळी होईल," अमित म्हणाला होता. ते खरंच होतं. काकूंचे बेसनलाडू पहिल्यांदा खाल्ले तेव्हा तिनं स्वच्छ सांगितलं होतं, "घशात अडकतात."

शनिवारी नेमकी नारळी पौर्णिमा. चाळीस माणसं, हातांत सकाळच्याच राख्या, टेबलावर नारळीभात. गिझेलाबाई बागेतून आत आल्या आणि सगळे एकसुरात ओरडले, "हॅपी बर्थडे!"

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या मटकन खुर्चीवर बसल्या.

लेनानं सासूला स्वयंपाकघरात ओढलं. "आई, आमच्याकडे वाढदिवसाच्या आधी कुणी विश करत नाही. फार अशुभ मानतात. पपांना साठाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी शेजाऱ्यांनी विश केलं होतं. आदल्या दिवशी पपा हार्ट अटॅकनं गेले."

हार्ट अटॅक शुभेच्छांनी येत नाही, हे काकूंना ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण बाहेर बसलेल्या बाईला कोण समजावणार? आणि जोडायला निघालेलं नातं आपल्याच हातानं मोडलं की! मग अंगात आल्यासारख्या त्या बाहेर गेल्या आणि फोनवर पंचांग उघडलं.

"गिझेला, घाबरू नका. आमच्यात वाढदिवस दोन असतात. एक तारखेचा, एक तिथीचा, म्हणजे चंद्राच्या हिशेबानं. खरा तिथीचाच. आणि तुमची तिथी आजच आहे! आज पौर्णिमा, तुम्ही पौर्णिमेच्या. आम्ही आधी नाही, अगदी वेळेवर विश केलंय."

"अगं, पण बारा ऑगस्ट पंचावन्नला तर..." मैत्रीण मालिनीनं स्वतःच्या फोनमध्ये डोकं घातलं. काकूंनी तिच्या पायावर पाय दिला. मालिनी कळवळली आणि गप्प झाली.

गिझेलाबाईंनी काकूंकडे बराच वेळ पाहिलं. मग उठल्या, सुरी हातात घेतली आणि केक कापला. काकूंचा जीव भांड्यात पडला.

पण पुरता नाही. रविवार गेला, सोमवार गेला. काकू दिवसातून चारदा विहीणबाईंचं बीपी बघायच्या, निमित्त काय तर मशीन नवीन आहे.

मंगळवारी सकाळी सहाला गिझेलाबाईंनी खिडक्या उघडायला म्हणून खोलीचं दार उघडलं, तर दारातच खुर्ची, आणि खुर्चीत मान वाकडी करून झोपलेल्या सरलाकाकू. मांडीवर बीपीचं मशीन, पायाशी चहाचा रिकामा थर्मास. उशीचे वळ गालावर नव्हते, खुर्चीच्या वेताचे होते. डोळ्यांखालची काळी वर्तुळं काही एका रात्रीची दिसत नव्हती.

"सरला."

काकू दचकून उठल्या. आधी समोरचीचं मनगट धरलं, नाडी पाहिली. मग ओशाळल्या. "उगीच आपलं... झोप येत नव्हती."

"तीन रात्री?"

काकूंनी घाईघाईनं थर्मास उचलला. रोज पाचलाच खुर्ची उचलून न्यायच्या; आज नेमका डोळा लागला होता.

"मी उतरत्या चंद्रातली आहे, सांगितलं होतं तुला," गिझेलाबाई म्हणाल्या. "शनिवारी आकाशात पूर्ण चंद्र होता. मला तेव्हाच कळलं."

काकूंना धरणी दुभंगावी असं झालं. "मग केक का कापलात?"

"माझ्या मुलीनं आयुष्यात माझ्यासाठी कधी खोटं बोलून दाखवलं नाही. तू चाळीस लोकांसमोर बोललीस. तेही इतकं वाईट!" बाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी खुर्चीशेजारी जमिनीवरच बसकण मारली. "आज मंगळवार आहे, सरला. आता म्हण."

काकू नुसत्या रडल्या.

थोड्या वेळानं त्यांनी पदराला डोळे पुसले, उठल्या, आणि एसी बंद करून घरातल्या सगळ्या खिडक्या स्वतःच्या हातानं उघडल्या.

"हॅपी बर्थडे, गिझेला," पाठमोऱ्याच म्हणाल्या. "आणि खरी तिथी पुढच्या सोमवारी आहे. वद्य दशमी, उतरत्या चंद्रातलीच. त्या दिवशी पुन्हा म्हणेन."