स्टुलावरून पन्नास मीटर

मामाने डोळ्याला भिंग लावून दोन्ही यंत्रं उलटीपालटी केली, झाकणांच्या कडा निरखल्या आणि सवयीने एक उचलून कानाला लावलं. आत शुकशुकाट.

"चालू आहे ना हे?"

"मामा, डाइव्ह कॉम्प्युटर आहे तो," भाची म्हणाली. "मनगटावर बांधायचा. किती खोल गेले, किती वेळ झाला, अजून किती मिनिटं खाली थांबता येईल, सगळं सांगतो."

"म्हणजे घड्याळच की."

"घड्याळ सगळ्यांना एकच वेळ सांगतं. खाली दाबामुळे अंगात नायट्रोजन मुरतो ना, तर माझ्या अंगात किती मुरला ते हा मोजत बसतो."

मामा एकतीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत होता, पण घालणाऱ्याच्या अंगात काय मुरतंय याची चौकशी करणारं घड्याळ त्याच्या टेबलावर आजवर आलं नव्हतं. त्याला ते यंत्र फारच आवडलं. पण तसं तोंडाने कबूल करेल तर तो मामा कसला!

बहिणीची ही मुलगी सहा वर्षांची असल्यापासून त्याच्याच घरी वाढली होती. आता बँकेत नोकरी करत होती आणि दोन महिने तरणतलावात डायव्हिंग शिकली होती. ते दोन्ही महिने मामाने नन्नाचा पाढा लावला होता. शेवटी थकून त्याने एकच अट घातली, ते मनगटावरचं काय ते मी निवडणार. उद्या सकाळी समुद्रातल्या पहिल्या बुडीसाठी तिची बोट निघणार होती. दुकानदाराने ओळखीवर दोन कॉम्प्युटर एका दिवसासाठी दिले होते. एक ठेवा, एक परत करा. पहिला रंगीत पडद्याचा, सडपातळ, देखणा. दुसरा काळा, जाडजूड, मोठ्ठ्या आकड्यांचा. तिचा जीव अर्थातच रंगीतवर जडला होता.

"संध्याकाळी येते. तोवर ठरव," म्हणून ती अर्धा चहा तसाच टाकून निघाली. चहा पुरता संपवणं तिला जन्मात जमलं नव्हतं. जिनासुद्धा ती दोन-दोन पायऱ्या गाळून चढायची.

मामाची निवडण्याची पद्धत ठरलेली होती. घड्याळात पाणी शिरत नाही असं कंपनी म्हणते, पण मामाचा विश्वास फक्त आपल्या नळकांड्यावर. जाड पारदर्शक नळकांडं, तळाशी पाणी, वर झाकण, बाजूला हातपंप. घड्याळ वरच्या हवेत टांगायचं, पंप मारून दाब चढवायचा, मग ते पाण्यात बुडवून झडप सोडायची, की दाब झटक्यात उतरतो. घड्याळ गळकं असेल तर दाबाने आत घुसलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते आणि सगळं बिंग फुटतं.

या वेळी मात्र त्याला आकडे बघायचे होते. त्याने नळकांडं काठोकाठ भरलं आणि दोन्ही कॉम्प्युटर पाण्यातच सोडले. पाणी लागताच ते आपोआप जागे झाले. मामाने पंप मारला. दहा मीटर. वीस. तीस. मामा स्टुलावर बसल्या बसल्या समुद्रात उतरत होता! उरलेल्या मिनिटांचे आकडे धडाधड उतरत होते, आणि काळा रंगीतपेक्षा दरवेळी दोन-चार मिनिटं कमीच देत होता. कंजूष लेकाचा, मामा मनात म्हणाला. पन्नास मीटरवर त्याने पंप थांबवला. उरलेली मिनिटं संपली की पुढे काय, हे पाहिल्याशिवाय त्याला राहवेना. मिनिटं संपली. मग दोन्ही पडद्यांवर नवेच आकडे आले. वर येताना आधी नऊ मीटरवर थांबा, मग सहावर, मग तीनवर. थांबण्याची मिनिटं वाढतच चालली होती. मामा ती कागदावर उतरवत राहिला.

सव्वीस मिनिटं झाली, तेवढ्यात भिंतीवरचं घड्याळ काखेत मारून एक गिऱ्हाईक आलं. मामाने एकतीस वर्षांच्या सवयीने हात लांबवला आणि झडप सोडली. फुस्स!

दोन्ही कॉम्प्युटर एकदम कोकलायला लागले. गिऱ्हाईक दचकून दारापर्यंत गेलं.

संध्याकाळी भाची आली तेव्हा मामा खाली मान घालून माहितीपुस्तक वाचत होता. काळ्याच्या पडद्यावर कुलपाचं चित्र होतं आणि खाली त्रेचाळीस तास. अठ्ठेचाळीस तास बंद राहण्याची शिक्षा त्याने स्वतःला लावून घेतली होती, त्यातले पाच सरले होते.

"तो तुला उद्या काही सांगणार नाही," मामा म्हणाला. "मी त्याला पन्नास मीटरवरून एका झटक्यात वर आणलं. त्याच्या मते तो ज्याच्या हातावर होता तो माणूस आता दवाखान्यात पाहिजे."

"मुद्दाम केलंस?"

"नाही गं."

"दोन महिने नको नको करत होतास, आणि नेमकं आदल्या दिवशी?"

"भीती वाटते मला, खरंय. रोज वाटते. पण हे मुद्दाम नाही केलं."

तिने रंगीत कॉम्प्युटर उचलून मनगटावर बांधला. "हा चालतोय. हाच घेते."

मामाने अडवलं तर ती म्हणणार, बघ, मला माहीतच होतं. त्याने मुकाट्याने खणातून एक गळकं घड्याळ काढलं, नळकांड्यातलं पाणी अर्धं केलं, घड्याळ टांगून दाब चढवला, पाण्यात बुडवलं आणि झडप सोडली. काचेच्या कडेने बुडबुड्यांची माळ सळसळत वर आली.

"हे मला शिकवलंय, मामा. घाईने वर आलं की रक्तातल्या नायट्रोजनचं असंच होतं."

"मला आज कळलं. इतकी वर्षं बघतोय, पण घड्याळाच्या जागी माणूस कधी आला नाही डोळ्यांसमोर." त्याने तिच्या मनगटाकडे बोट दाखवलं. "तोही दुपारी ओरडला. पण मी एक बटण दाबलं, आणि गप्प. म्हणाला, चला पुढच्या बुडीला. हा काळा मात्र माझं ऐकत नाही. दुकानदाराला फोन केला, त्याचंही ऐकणार नाही म्हणे."

"म्हणून हा घेऊ? बंद पडलेला?"

"तू घाईची आहेस, बाळा. इथे मी ओरडायला असतो. तिथे मी नसणार. तिथे तुला ठाम नाही म्हणणारं कोणीतरी हवं. उद्या जायचं तर जा, अडवत नाही."

ती बराच वेळ पट्ट्याशी चाळा करत बसली. मग पट्टा सोडला, बोटवाल्यांना फोन लावला आणि पुढच्या शनिवारचं नाव नोंदवलं. तोंड फुगलेलंच होतं. पण त्या दिवशी चहा मात्र तिने तळापर्यंत प्यायला.

पुढच्या शनिवारी मामाच्या हातून एकही काम धड झालं नाही. एका घड्याळाचा तासकाटा त्याने तीनदा बसवला आणि तीनदा काढला. दुपार कलल्यावर ती आली, केस खारट पाण्याने ताठ झालेले. काळा कॉम्प्युटर घातलेला हात तिने टेबलावर ठेवला.

"वर येताना घाई केली, तर ओरडला."

"मग?"

"थांबले."

मामाने श्वास सोडला. बहुधा सकाळपासून तो धरूनच ठेवला होता. तिने बटण दाबून नोंदी उघडल्या. दोनच होत्या. दुसरी सतरा मीटर, अडतीस मिनिटं. पहिली पन्नास मीटर, सव्वीस मिनिटं.

"पहिली पुसता येत नाही?" मामाने ओशाळून विचारलं.

"पुसायची कशाला? बोटीवरच्या आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, ही पन्नासची कुणाची म्हणून."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, माझ्या मामाची. माझ्याआधी जाऊन बघून आला तो."

मामाने घाईघाईने भिंग डोळ्याला लावलं. समोर घड्याळ नव्हतं.