शेगडीतला अग्नीश्वर

सोमलिंगच्या खानावळीपुढं सकाळपासून रांग लागली होती. सोलापूर-हैदराबाद रस्त्यानं जाणाऱ्या लॉऱ्या जळकोटात थांबत होत्या आणि ड्रायव्हर जेवणाची चौकशीही न करता चपला काढून रांगेत शिरत होते. आजूबाजूच्या खेड्यांतून बैलगाड्या येत होत्या. पौषाची थंडी होती, तरी बाया तान्ही पोरं पदराखाली घेऊन उन्हाची वाट न बघता आल्या होत्या. सगळ्यांना एकच गोष्ट बघायची होती.

माजघरात शांताक्काला भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं होतं. तिचा जीव काल दुपारीच गेला होता. पण तिचे गाल गुलाबी होते, विडा खाल्ल्यासारखे ओठ लाल होते. जिवंतपणी कधी नव्हता एवढा रंग तिच्या चेहऱ्यावर आला होता.

"मुर्दा असा दिसतो व्हय रे?" उंबऱ्याशी बसलेले अंगारनाथ महाराज गर्जत होते. "डॉक्टर म्हणेल मेली, हकीम म्हणेल मेली! अग्नीश्वर म्हणतो, माझी लेक समाधीत बसली! बघा बेटा, बघा आन पुढं सरका. अंगारा उजव्या हातानं घ्या. डाव्यानं घेतला आन उलटा पडला तर मला बोल लावू नका. ज्याच्या पोटात शंका, त्यानं दारातूनच मागं फिरा!"

कुणीही मागं फिरत नव्हतं. फक्त शांताक्काची भावजय शिवकांता रांगेत नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराला धरून ती उभी होती आणि नणंदेच्या त्या लाल ओठांकडं तिला बघवत नव्हतं.

शांताक्का सोमलिंगची थोरली बहीण. नवरा ऐन तारुण्यात वारला, तेव्हा ती माहेरी आली आणि आईला धरून राहिली. तिची आई गंगम्मा म्हणजे या खानावळीचा जीव. लॉरीवाले सोलापूरहून दगडी कोळशाची पोती टाकून जात. त्या कोळशावर चालणारी गंगम्माची भली मोठी लोखंडी शेगडी अंगणातल्या छपराखाली असायची. उजाडलं की गंगम्मा आधी ती शेगडी साफ करायची. सळईनं जाळी खरवडायची, खालची राख ओढून काढायची. कोळशातली राख वितळून जाळीला चिकटली की तिचे दगडासारखे टणक, काचेसारखे चकाकणारे गोळे होत. त्यांना ती खंगर म्हणायची. एकेक खंगर ठोकून सोडवायची आणि शांताक्का समोर पाटी धरून बसायची. मायलेकींची सुखदुःखं तेव्हाच बोलून व्हायची, निम्मी कानडीत, निम्मी मराठीत. नवी सून म्हणून आलेल्या शिवकांताला त्या दोघींच्या बोलण्यात शिरायला बरेच दिवस लागले होते. पण एकदा शिरल्यावर शांताक्कानं तिला पाठच्या बहिणीसारखं जपलं.

दसरा झाला आणि गंगम्मा तापानं गेली. शांताक्का शेगडीजवळ जाईना. सोमलिंग गिऱ्हाइकांच्या घाईत वरवरची राख उपसायचा आणि नवा कोळसा टाकायचा. जाळीवर खंगर साचला, त्यावर आणखी साचला, आणि मधोमध पिंडीसारखा एक काळा उंचवटा तयार झाला.

तेवढ्यात एक दिवस हा अंगारनाथ जेवायला आला. भगवी लुंगी, कपाळभर राख, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. अग्नीनं मिठी मारली त्याच्या त्या खुणा, असं तो सांगायचा. हात शेकायला म्हणून तो शेगडीपाशी गेला, आत वाकून बघितलं आणि साष्टांग आडवा पडला.

"अरे, देवाच्या डोक्यावर तवा ठेवता? हा अग्नीश्वर हाय! ह्या घरातली म्हातारी गेली न्हवं? तिचा जीव हितंच हाय. म्हातारीनंच देव आणला!"

या घरातली म्हातारी गेल्याचं गावातल्या कुणाही पोरानं सांगितलं असतं. पण आईचं नाव निघताच शांताक्का आतून धावत आली. "अव्वा? माजी अव्वा हाय हितं?"

त्या दिवसापासून खानावळीची शेगडी देव झाली. स्वयंपाकासाठी दुसरी चूल मांडली. महाराजांचा हुकूम कडक होता. जाळीला सळई लावायची नाही, राख काढायची नाही, देवाला वारा लागू द्यायचा नाही. सकाळी शेगडी अंगणात पेटवायची, धूर सरला की ती आत माजघरात न्यायची, दार-खिडकी बंद करून भोवती बसायचं. खिडकीच्या फटींत त्यांनी चिंध्या कोंबायला लावल्या. आणि देव खरंच दिवसेंदिवस मोठा होऊ लागला. चार लोकांनी डोळ्यांनी बघितलं, चाळीसांनी ऐकलं.

आत बसलेल्यांना थोड्या वेळानं गरगरायचं. कान वाजायचे, तोंडं लाल व्हायची, कुणी रडायचं, कुणी जागच्या जागी कलंडायचं. "कृपा झाली!" महाराज ओरडायचे. जो ओकायचा त्याचं पाप निघालं, जो बेशुद्ध पडायचा त्याला दर्शन झालं. महाराज स्वतः मात्र कायम उंबऱ्यावर, दाराच्या रुंद फटीला तोंड लावून बसायचे. "मी देवाचा द्वारपाल हाय, बेटा. द्वारपालानं आत बसू नये."

शिवकांताही एकदा बसली. डोकं फुटेल असं दुखलं, पायांतलं बळ गेलं. बाहेर येऊन ओसरीवर पडली तेव्हा कुठं बरं वाटलं. त्याच दिवशी तिनं नवऱ्याला गाठलं.

"अवो, अव्वा असत्या तर एवढी राख ठिवली असती का? जाळी बुजलीय सारी. एकदा झाडून घेऊ द्या."

"तू गप," सोमलिंग म्हणाला. "देवाला झाडू लावायचा? आख्खा गाव पाया पडतोय आन तुलाच तेवढी शंका!"

मग ती नणंदेकडं गेली. शांताक्का हल्ली नीट जेवत नव्हती, पण चेहऱ्यावर कसलंसं समाधान होतं.

"अक्का, नगा बसू तिथं. तुमची तब्येत बघा की."

"तिथं बसलं की अव्वा दिसती गं," शांताक्का म्हणाली. "सुरवातीला डोकं दुखतं. मग हलकं हलकं वाटतं, आन ती येती. मांडीवर डोकं घेती. तू मला तिथनं उठवू नको, शिवकांता."

एवढं बोलून ती हसली. आई गेल्यापासून ही बाई पहिल्यांदा हसली होती. ते तिच्या हातून शिवकांतानं कसं हिसकावून घ्यायचं?

आणि काल महाराजांनी मोठी बैठक ठेवली होती. शेगडी काठोकाठ भरली होती. बाकीच्या बायका एकेक करून धडपडत बाहेर आल्या, त्यांच्या मागोमाग महाराज आंघोळीला निघून गेले. शांताक्का आतच राहिली. समाधी मोडू नका, असं सांगून महाराजांनी दार ओढून घेतलं होतं. जेवणवेळ टळून गेल्यावर शिवकांतानं हुकूम मोडला आणि दार उघडलं. शांताक्का भिंतीला टेकून बसली होती. गाल लाल होते. क्षणभर शिवकांताला बरं वाटलं. मग तिनं "अक्का" म्हणून खांद्याला हात लावला.

गावच्या महांतप्पाची सून त्याच बैठकीत होती. ती बाहेर येताच कोसळली होती; नंतर शुद्धीवर आली, पण आज सकाळीही तिला उभं राहता येत नव्हतं. शिवकांतानं तिचं नाव पुढं करून एका लॉरीवाल्याला विनवलं आणि नळदुर्गाच्या डॉक्टरांना निरोप धाडला. नवऱ्याला तिनं विचारलं नाही.

डॉक्टर मार्तंडराव उन्हं चढता चढता आले. आधी त्यांनी महांतप्पाच्या सुनेला अंगणात मोकळ्या हवेत आणून निजवलं, नाडी बघितली. मग रांग बाजूला करून ते माजघरात गेले. शांताक्कासमोर उकिडवे बसून त्यांनी तिची पापणी उचलली, नखं बघितली.

"खोलीत शेगडी होती?" त्यांनी विचारलं.

"व्हती," शिवकांता म्हणाली. "दगडी कोळशाची. अव्वा गेल्यापासनं जाळी कुणी झाडली न्हाय."

"खिडकी?"

तिनं चिंध्यांकडं बोट दाखवलं.

डॉक्टर उठले. सोमलिंग दारातच होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, "तुमची बहीण विषारी हवेनं गेली. हे तेज नाही, सोमलिंग. विष आहे."

अंगारनाथ उसळले. "कुटं धूर हाय? कुटं वास हाय? हवेला विषारी म्हणतोय! नास्तिक हाय हा, देवाचा घात करायला आलाय!"

जमाव कुजबुजू लागला. दोघेचौघे डॉक्टरांच्या अंगावर यायच्या बेतात होते. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. शेगडी जशी आहे तशीच पेटवा, आत न्या आणि दार लावा. आज उंबऱ्यावर मी बसतो. महाराजांनी शांताक्काच्या जागेवर बसावं. त्यांचा देव त्यांना काही करणार नाही."

शांताक्काला चार जणांनी उचलून ओसरीवर बसवलं. अंगणात शेगडी पेटली. धूर सरल्यावर ती माजघरात नेली.

"आज मुहूर्त न्हाय," महाराज म्हणाले.

"रोजच तर बसवत व्हता की आमाला," महांतप्पा पुढं आला. "माज्या सुनंला बसवलं. आज तुमी बसा."

लोकांनीच त्यांना आत सरकवलं. शिवकांतानं दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. आतून आधी मंत्र ऐकू आले. मग मंत्र थांबले. आणि लगेच दारावर धडाधड मुठी बसू लागल्या.

"दार उघडा! अरे, जाळी भरलीय, आधी खंगर काढा! खिडकी उघडा, गॅस धरतोय! मरंन मी हितं!"

एवढ्या दिवसांत महाराजांच्या तोंडून 'खंगर' हा शब्द कुणी ऐकला नव्हता. त्यांच्या तोंडी सदा अग्नीश्वरच असायचा.

शिवकांताचा हात कडीवर होता. पण ती कडी काढेना. आतला माणूस आता रडत होता. तिच्या मनात आलं, अक्का रडली पण नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टर जवळ आले. "उघडा, बाई," ते म्हणाले. "आपण त्याच्यासारखे नाही." तिनं कडी काढली.

अंगारनाथ अंगणात येऊन कोसळला. "शेगडी आत्ताच ठेवली होती," डॉक्टर लोकांना म्हणाले. "गॅस साठायला वेळ लागतो. अजून काहीच झालं नव्हतं. पण तो साठतो आणि माणूस मारतो, हे याला पहिल्यापासून ठाऊक होतं." दरडावून विचारल्यावर त्यानं सांगितलं. तो एका गिरणीत बॉयलरवर कामाला होता. जाळी तुंबली, कोंडलेल्या जागेत दोघं सोबती कलंडले, ते त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. हातावरचे डाग तिथलेच.

डॉक्टरांनी विस्तव बाहेर काढायला लावला. शेगडी निवल्यावर त्यांनी सळई मागितली. शिवकांतानं ती त्यांच्या हातात न देता स्वतःच घेतली. एका घावात अग्नीश्वर जाळीपासून सुटला, दुसऱ्या घावात फुटला. आत राख होती आणि अर्धवट जळलेला कोळसा.

"देव मोठा होत नव्हता," डॉक्टर म्हणाले. "वितळलेल्या राखेवर रोज नवी राख चढत होती. जाळी बुजली की खालून हवा येत नाही. कोळसा नीट जळत नाही, धुमसतो, आणि त्यातून एक गॅस निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. शेगडी साफ असली तरी बंद खोलीत धोका असतोच. इथं तर जाळी बुजवून फटीही बुजवल्या होत्या. हा गॅस रक्तात भिनला की डोकं दुखतं, ओकारी येते, भास होतात, माणूस झोपेतच जातो. रक्त लालभडक होतं, म्हणून मेल्यावरही गाल लाल दिसतात."

"म्हंजी तिला अव्वा दिसायची ती..." शिवकांतानं विचारलं.

"तो भास होता, बाई," डॉक्टर म्हणाले.

महाराजाला पोलिसांनी नेलं. शांताक्काला त्याच दिवशी, त्यांच्या समाजाच्या रिवाजाप्रमाणं बसवून माती दिली. सोमलिंग खड्ड्याच्या काठावर बसून राहिला. घरी आल्यावर तो बायकोला एवढंच म्हणाला, "तू सांगितलं व्हतंस." तिला त्याचा राग यायला हवा होता. पण त्याच्या आवाजात राग धरण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

पुढं शिमग्याच्या सुमारास गावात पुन्हा कुजबुज सुरू झाली. महाराज लबाड असेल, पण शांताक्काचं तेज आपण डोळ्यांनी बघितलं, असं लोक म्हणू लागले. कुणी तिच्या मातीवर नारळ फोडला. एके सकाळी महांतप्पा आणि चार माणसं दगडांनी भरलेली गाडी घेऊन तिथं ओटा बांधायला आली. सोमलिंगला कळलं तसा तो धावत गेला, मागोमाग शिवकांता.

चार माणसांत सोमलिंग कधी बोलायचा नाही. आज तो गाडीपुढं उभा राहिला.

"ओटा बांधू नका," तो म्हणाला. "माजी अक्का देव झाली न्हाय. ती आईसाठी झुरत व्हती, आन आमी तिला कोंडून मारलं. ह्यो ओटा बांधला की उद्या दुसरा कुणी महाराज यील, दुसऱ्या कुणाच्या लेकीला कोंडंल, आन तुमी तिचे बी गाल बघायला रांग लावाल. तुमच्या पाया पडतो. कुणीबी सांगितलं की दार लावा आन विचारू नका, तर आधी दार उघडा आन मग विचारा. माजी बायकू विचारत व्हती. म्याच तिला गप केलं."

शिवकांता त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. महांतप्पा वाकला आणि खाली उतरवलेला पहिला दगड उचलून त्यानं परत गाडीत ठेवला.