उघड्या पोटाची मशीन

मी कंपुटर बोलतेय. बोलतोय नाही, बोलतेय. आखाडा बाळापुरात सगळे मला मशीन म्हणतात, आणि मशीन म्हणजे बाईच. राबवायची, झाकून ठेवायची, अडली की थापडा मारायच्या. तेव्हा मी बाईसारखीच बोलणार. कुणाला लागलं तर लागू द्या.

जन्म माझा नांदेडचा, एकोणीसशे नव्याण्णव सालचा. डबा एकीकडचा, डिस्क दुसरीकडची, असं गोळा करून एका कारागिरानं मला आवळून उभी केली. तिथून हिंगोलीला एका क्लासात गेले. तिथले मास्तर मुलांना चपला बाहेर काढायला लावायचे. धूळ नको म्हणे मशीनला! आणि स्वतः तोंडात गुटख्याचा तोबरा धरून माझ्यावर वाकून शिकवायचे. काचेवर लाल शिंतोडे उडायचे, ते चालायचे.

क्लास बंद पडला आणि मला संगितानं घेतलं. संगिता बंजारा तांड्यावरची. नवरा पिऊन मारायचा, म्हणून एक दिवस माहेरी आली ती परत गेलीच नाही. बसस्टँडसमोर पत्र्याचं दुकान टाकलं. टायपिंग आणि लग्नपत्रिका.

तिचा थोरला भाऊ देविदास म्हणाला, "बाईमाणसाला जमतंय व्हय असलं?"

"तुला तर रेडिओचा सेल पालटता येत न्हाई, दादा," ती म्हणाली.

ही बाई मला तिथंच आवडली.

पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी पेटायची. मी तापायचे. म्हणून संगितानं माझ्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलं. आतला पंखा मोकळा फिरायला लागला, बरं वाटलं. पण बाजाराच्या दिवशी तिची आई आली. जिवनबाई. तांड्यावर आईला याडी म्हणतात, तर ही याडी. तिनं मला बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"अगं, इचं पोट काहून उघडं? बाजारातले गडी बघून राहिले!"

"याडी, तिला गरम होतं."

"मलाबी होतं. मी हिंडते का उघडी?"

पुढच्या बाजाराला याडीनं माझ्यासाठी अंगरखाच शिवून आणला. लाल-निळं कापड, त्याला काचा, कवड्या, कडेला लोकरीचे गोंडे. पुढून बटनापुरतं आणि सीडीपुरतं तोंड ठेवलेलं. काय हात होता बाईचा! गिऱ्हाइकं माझ्याकडं बघत उभी राहायची. संगिताला कळत होतं की झाकून मी तापणार, पण आईनं इतक्या मायेनं शिवलेलं काढायचं कसं?

आता मुद्द्याचं सांगते. तांड्यावर पोरीचं लग्न ठरलं की तिला ढावलो शिकवतात. ढावलो म्हणजे सासरी जाताना नवरीनं रडत रडत म्हणायचं गाणं. एकेकाच्या गळ्यात पडून, आईला वेगळं, बापाला वेगळं, भावाला वेगळं. येत नसलं तर बाया नावं ठेवतात. याडीला येत होते तितके ढावलो त्या तांड्यावर दुसऱ्या कुणाला येत नव्हते. देविदासच्या पोरीचं, पारूचं लग्न ठरलं, आणि त्याच सुमारास याडीच्या गळ्यात गाठ निघाली. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, कापावी लागेल, आवाज जाईल.

संगितानं दुकानाचं शटर ओढलं, माईक लावला आणि आईला माझ्यापुढं बसवलं. याडी आधी लाजली. मग एकदा सुरू झाली ती थांबेना. मधेच खोकायची, पाणी प्यायची, पुन्हा धरायची. एवढ्या लग्नपत्रिका माझ्यातून गेल्या, पण रडणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. सगळं मी पोटात ठेवलं. संगितानं गड्यांना यातलं काही सांगितलं नाही. बायकांची गोष्ट, त्यांना काय करायची?

याडीचं ऑपरेशन झालं. जीव वाचला. आवाज मात्र गेला, नुसती हवा राहिली. पारूचं शिकणं आता माझ्यावर आलं.

आणि मीच अडले.

अंगरख्याचा एक गोंडा सुटून झाकण काढलेल्या बाजूनं आत लोंबला होता. त्याची लोकर पंख्यात गेली, आसाभोवती गुंडाळत गेली आणि पंखा जागीच थांबला. वरून कापड. बटन दाबलं की मी सुरू व्हायचे, अक्षरं पळायची, रंगीत चित्र यायचं, खालची पट्टी सरकायला लागायची, आणि माझं डोकं इतकं तापायचं की मी होते तिथंच थिजायचे. माऊस हलेना, काही हलेना. मला काय होतंय ते मला ठाऊक होतं. सांगणार कशी?

संगितानं वायरी काढून बसवल्या. स्टॅबिलायझर बदलला. कुणी म्हणालं अर्थिंग सुकली, तर दुकानामागच्या खड्ड्यात मिठाचं पाणी ओतलं. गिऱ्हाइकांनी तर डोक्यावर थापडाच दिल्या. शेवटी तिनं हिंगोलीच्या दुरुस्तीवाल्या भीमराजला निरोप धाडला. पण तो आला त्या दिवशी संगिता याडीला आणि पारूला घेऊन नांदेडला दवाखान्यात गेलेली. दुकानात देविदास.

भीमराज शिकलेला, हाताचा चांगला. त्यानं बटन दाबलं, पट्टी थिजलेली बघितली.

"हे कापड काढू का, देविदासभाऊ?"

"नगा. याडीच्या हातचं हाय. आजारी माणूस, उगं मनाला लागंल."

"बरं. व्हायरस असंल. आतलं सगळं पुसून नवीन टाकावं लागंल. आत काही कामाचं हाय का?"

"बायकांचं काय कामाचं असतंय? पत्रिकाच असतील. पुसा."

मी तिथं होते हो! माझ्या तोंडावर एक विचारत होता आणि माझ्या तोंडावर दुसरा सांगत होता. दुकान बाईचं, मशीन बाईची, आणि विचारलं बाप्याला. भीमराजनं सीडी घातली, एक कळ दाबली, आणि माझं पोट रिकामं झालं. दुखलंसुद्धा नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

मग तो नवीन भरायला लागला आणि मी अर्ध्यात पुन्हा थिजले. आता त्यानं कापड उचललं, हात घातला, चटका बसून मागं घेतला.

"अरे देवा. हे तर लोकरीनं अडलंय!"

चिमट्यानं त्यानं धागे ओढून काढले. पंखा फिरला. नवीन सगळं भरून झालं आणि मी एका दमात सुरू झाले. देविदास खूष.

तेवढ्यात नांदेडची बस आली. संगिता आत शिरली, मागं याडी, तिच्या हाताला धरून पारू.

"चालू झाली? पारू, बस इथं!" संगितानं माऊस धरला. इकडं उघडलं, तिकडं उघडलं. मग हात थांबला. "भीमराज, याडीचे ढावलो कुठं हायेत?"

"काय होतं ताई? मी विचारलं होतं की."

"कुणाला?"

त्यानं देविदासकडं बघितलं.

"मला काय म्हाईत," देविदास म्हणाला, "तुमी सांगितलं का कधी?"

"तू विचारलं का कधी?" संगिता ओरडली. "तुज्या पोरीचंच होतं ते! तुज्या गळ्यात पडून म्हणायचं होतं तिनं!"

भीमराजनं डिस्क हिंगोलीला नेली, जे जे येत होतं ते करून पाहिलं. परत आणली तेव्हा तिच्यात खरखर तेवढी होती. तो संगिताच्या नजरेला नजर देईना.

पारू याडीबरोबर तिथंच होती, ती रडायला लागली. "आता मी काय म्हणू, दादी?"

याडी उठली. तिनं पारूला जवळ ओढलं, तिचा कान आपल्या तोंडाशी धरला आणि ओठ हलवले. माझ्यापर्यंत नुसता वारा आला. पारूनं ओळ मोठ्यानं म्हटली. चुकली. याडीनं पाठीत धपका घातला, पुन्हा ओठ हलवले. पारूनं पुन्हा म्हटली. संगितानं माईक जोडला.

सगळं आलं नाही. आईचं आलं, भावाचं अर्धं आलं. बापाचं यायच्या आत याडी दमली. मग रोज थोडं थोडं करत लग्नापर्यंत जेवढं जमलं तेवढं जमवलं. लग्नात पारू बापाच्या गळ्यात पडून काय बोलली, मला ठाऊक नाही. मशीनला कोण नेतं लग्नाला?

आता मी जुनी झालेय. टेबलावर नवी चपटी आली, मी कोपऱ्यात. कधीतरी संगिता मला सुरू करते, पट्टी सरळ सरकत जाते. मग ती तेच ढावलो ऐकते. आधी नुसता श्वास येतो, बराच वेळ, त्याच्यामागून पारूचा आवाज. तुम्ही माझ्यासारखीला दुरुस्त करायला बसलात तर खुशाल पोट उघडा, मला लाज नाही वाटत. पण पुसायच्या आधी जिची आहे तिची बस येऊ द्या.