मुकी केलेली हॉर्नची कडी

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे आणि माझं डोकं अजून तापलेलंच आहे. तुम्ही मला ओळखणार नाही, कारण तुमच्या गाड्यांत आता माझ्यासारख्या कड्या नसतात. जुन्या मोटारीच्या स्टिअरिंगच्या आत धातूची एक चमकती गोल कडी असायची. अंगठ्याने ती जराशी दाबली की हॉर्न वाजायचा. ती मी. माझा जन्म शोभेसाठी झाला नाही. पुढे कुणी बेसावध असेल तर त्याला वेळेवर सावध करायचं, एवढंच माझं काम.

कारखान्यात माझ्यावर क्रोमचा मुलामा चढवला, तेव्हा माझ्यात तोंड पाहता यायचं. महिपतरावांनी माझी गाडी टॅक्सी म्हणून चालवायला विकत घेतली. रत्नागिरीकडचा हा माणूस भाईंदर पूर्वेला राहायचा. रोज सकाळी निघण्यापूर्वी तो मला एकदा दाबून बघायचा आणि मी वाजले की म्हणायचा, "चला, बाईसाहेब उठल्या." मला ते फार आवडायचं.

राग यायचा तो त्यांच्या बायकोचा. दर दसऱ्याला देवाच्या समया घासून झाल्या की विमलाबाई उरलेली चिंच आणि राख घेऊन खाली यायच्या आणि मलाही घासायच्या. महिपतराव कळवळून सांगायचे, "अगं, ते पितळ नाही. मुलामा जातोय त्याचा."

"घासल्याशिवाय काय चकाकतं हो?" म्हणत त्या आणखी जोर लावायच्या. थोडा त्यांच्या चिंचेने, थोडा महिपतरावांच्या हाताच्या घामाने माझा मुलामा उडाला. मी डागाळले, खडबडीत झाले. आवाज मात्र खणखणीत होता.

महिपतराव थकले, धंदा सुटला, गाडी घरचीच राहिली. मग त्यांच्या मुलाला, निकेतला हौस आली. जुनी गाडी मित्रांना नव्यासारखी करून दाखवायची. काशीमीऱ्याच्या गॅरेजवाल्या ईश्वरने मला पाहून नाक मुरडलं. "काका, एकदम नवीन करून देतो, टेन्शन नका घेऊ," तो महिपतरावांना म्हणाला. त्याने मला उचकटलं, तेजाबात बुडवलं, फिरत्या चाकावर घासलं. मग निकेल चढवलं, त्यावर क्रोम. अंगाची आग झाली, पण तेवढं काम चोख होतं, ते मी नाकारत नाही. माझा संताप पुढचा आहे. मी खडखडू नये म्हणून त्याने स्क्रू असे आवळले की मला दबताच येईना. हॉर्नची वायर जोडायची राहिली ती राहिलीच. वर मला प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिलं.

घरी कुणी विचारलं का, वाजते का म्हणून? छे. जो तो नुसता चकाकी बघत होता. महिपतरावांचा अंगठा सवयीने पुढे आला, तर निकेत म्हणाला, "बाबा, हात नका लावू. प्लास्टिक राहू द्या हं, डाग पडतात." ज्या माणसाने मला दाबल्याशिवाय कधी गाडी हलवली नाही, त्याने मुलाचं मन राखायला हात मागे घेतला. मला ओरडून सांगायचं होतं, पण ओरडायची सोयच कुणी ठेवली नव्हती.

त्या रविवारी महिपतराव विमलाबाईंना घेऊन उत्तनजवळच्या चौक गावाला मासळी आणायला गेले. गावातला रस्ता अरुंद. वळणावर एक म्हातारी कोळीण आमच्याकडे पाठ करून वाळलेले बोंबील टोपलीत भरत होती. मागे न बघताच ती टोपली ओढत रस्त्यावर सरकली. महिपतरावांनी ब्रेकवर पाय दिला आणि मला दाबलं. प्लास्टिक चुरचुरलं. पुन्हा दाबलं. मी ढिम्म. मित्रांनो, ज्या कामासाठी मी जन्मले, ते काम समोर उभं होतं आणि या लोकांनी मला मुकी करून ठेवलं होतं.

विमलाबाईंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि गळा फाडून ओरडल्या, "ए बाय, सरक बाजूला!" म्हातारी सरकली. टोपली चाकाखाली चिरडली.

म्हातारीने धापा टाकत गाडी आतबाहेर न्याहाळली. "गारी कवरी चकचकीत हाय," ती म्हणाली, "न् भोंगा न्हाय?"

  महिपतरावांनी नखं लावून माझ्यावरचं प्लास्टिक टराटरा फाडलं आणि खाली उतरून तिचे बोंबील वेचू लागले.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात हॉर्नची वायर जोडून स्क्रू सैल करताना ईश्वरचा हात निसटला आणि माझ्या नव्या मुलाम्यावर लांबलचक ओरखडा उमटला. निकेत हळहळला. "बाबा, सगळी शोभा गेली."

"शोभा गेली खड्ड्यात," महिपतराव कडाडले. "आधी वाजव तिला."

मी वाजले. हायवेवरच्या ट्रकांच्या गोंगाटातही ऐकू जाईल अशी वाजले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर चकचकीत करा. मलाही नटायला आवडतं. पण ती वस्तू कशासाठी आहे, ते काम तिला जमतंय का, हे आधी विचारा. तुमची हौस तिच्या कामाच्या आड आली, तर चिरडली जाणारी प्रत्येक वेळी टोपलीच असेल असं नाही. माझा राग अजून गेलेला नाही, तो त्या म्हातारीसाठी आहे.

या दसऱ्याला विमलाबाई पुन्हा चिंच घेऊन आल्या. मी अंग चोरलं. त्यांनी आधी अंगठ्याने मला दाबलं आणि मी वाजल्यावर म्हणाल्या, "हं, आता घासते."

घासा म्हटलं, हवं तेवढं घासा.