गजरातली गिटार

“कोंडाजी, खाली ठिव ती!” गेणबा बुवांनी टाळ थांबवून सगळ्यांदेखत सुनावलं. “गजर चढला की तू मागं ऱ्हातुयास. बैल बसल्यावानी समदी गाडी अडती. काल्याच्या दिवशी जमलं तर बस भजनात, न्हाईतर लोकांत बसून टाळ्या पिट!”

कोंडाजीनं गिटार मांडीवरून उतरवली. पुण्याच्या लष्कर भागातल्या एका क्लबात त्यानं वाढप्याची नोकरी केली होती. तिथल्या बँडमधल्या वादकानं गोव्याला परतताना ही जुनी गिटार त्याला दिली आणि चार सूरही शिकवले. बाप गेल्यावर कोंडाजी शेती बघायला भरे गावी आला तो गिटार घेऊनच. भजनाला गिटार! गाव हसून हसून बेजार झालं. पण या गड्याचा स्वतःवर भलताच भरवसा. हसणारे दमतात, आपण दमत नाही, असा त्याचा सरळ हिशेब होता.

सूर त्याला सापडायचे, घोडं पेंड खायचं ते वेगात. दुसऱ्या दिवशी तो पडवीत बसून तारांवर घाव घालत होता. घावच म्हणायचे, कारण खांद्यापासून जोर लावून तो दर वेळी वरून खालीच मारी. अंगणात त्याची बायको रंभाबाई आणि तिची जाऊ सगुणाबाई साळी कांडत होत्या. एका उखळात दोन मुसळं. एकीचं वर, तेव्हा दुसरीचं खाली.

रंभाबाई थांबली. “आवो, तारांशी भांडान हाय का तुमचं?”

“वेग येत न्हाई गं.”

“कसा यील? हात खाली जाताना वाजतुया आन वर येताना रिकामाच येतुया. आमी दोघींनी एकाच मुसळावर भागवलं असतं तर ह्यो ढीग उरकला असता व्हय?”

कोंडाजी सहजी ऐकणाऱ्यातला नव्हता, पण हे त्याला पटलं. तारा छेडायची म्हशीच्या शिंगाची नखी त्यानं चिमटीत धरली. खाली जाताना एक, वर येताना एक. वर येतानाचा सूर लंगडाच निघाला.

“आमच्या संगं वाजवा,” सगुणाबाई म्हणाली. “आन जोर नगा लावू. मुसळ आपल्याच वजनानं पडतंय.”

मग हे रोजचंच झालं. बायका आधी संथ कांडायच्या, मग हळूहळू लय वाढवायच्या. कोंडाजी चुकला की सगुणाबाई मुद्दाम पुन्हा संथ होई आणि तो चरफडत पहिल्यापासून सुरू करी. हळूहळू खांदा गप्प बसला आणि मनगट बोलू लागलं. घरातली साळी संपली तेव्हा शेजारणी आपली आणून देऊ लागल्या. कांडणही होई आणि करमणूकही.

काल्याच्या सकाळी मारुतीच्या देवळात कोंडाजी कुणाला न विचारता पखवाजाशेजारी जाऊन बसला. बुवा नुसते हुंकारले.

गजर सुरू झाला, चढला, आणखी चढला. गिटार पखवाजाबरोबर धावत होती. टाळकरी चेकाळले. कोंडाजीला आनंद मावेना. त्यानं ऐटीत बुवांकडे पाहिलं.

बुवांचा टाळ चुकत होता. त्यांना धाप लागली होती, ओठ हलत होते पण शब्द फुटत नव्हता. अजून थोडा वेळ हे चाललं असतं, तर साऱ्या गावासमोर त्यांना टाळ खाली ठेवावा लागला असता.

हीच घडी कोंडाजीला हवी होती. आता समोर आली, तर त्याला बघवेना. त्यानं वर येतानाचा घाव सोडून दिला. पुन्हा नुसते खाली जातानाचे घाव, जड, संथ. पखवाजवाल्या वाल्मीकनं डोळे वटारले, पण गिटार हटेना, तेव्हा त्यालाही खाली यावं लागलं. बुवांचा टाळ ठेक्यावर आला. आवाज फुटला.

भजन संपल्यावर वाल्मीक तणतणला, “बुवा, ह्याला भायेर काढा! परत मागं ऱ्हायला.”

“व्हय,” कोंडाजी म्हणाला, “हात दमला.”

बायकांत बसलेली रंभाबाई काहीतरी बोलणार होती. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, तशी ती काल्यासाठी पानं मांडू लागली.

बुवा परातीत काला कालवत होते.

“ऱ्हाऊ दे त्याला,” खाली बघतच ते म्हणाले. “एकादशीला माज्या शेजारी बसंल.”