जिनातलं कॉफीहाऊस

धरणगावच्या जुन्या जिनात, म्हणजे जिनिंगच्या कारखान्यात, कापसातून सरकी वेगळी निघायची. १९९१ साली रुपचंदने तिथं कॉफीहाऊस थाटलं. दगडी भिंती तशाच ठेवल्या, वाशांखाली नवं लाकडी छत ठोकलं.

उद्घाटनाला कौतिकआबा आले. जिनाचे पहारेकरी म्हणून तीस वर्षं ते याच दारात मजुरांच्या काडेपेट्या काढून घेत.

"रुपचंद, वाशांवरची रुई झाडली का?"

"झाकली ना, आबा!"

"अरे, वीतभर थर शे."

"आते हाई जिन नही शे, आबा. कॉफी प्या!"

लोक हसले.

घासलेटचा स्टोव्ह भडकला. छताच्या फटीतून रुईचा पुंजका कुणाच्या तरी कपात पडला. लोक पुन्हा हसले.

आबा बसले नाहीत. त्यांनी दोन्ही कवाडं सताड उघडली आणि आत खेळणारी पोरं एकेक करून बाहेर बोलवायला सुरुवात केली.