कोपरावरचं हेल्मेट

पार्लरच्या खुर्चीत बसलेल्या दोनिया फिआच्या डोक्यावरचा शेवटचा रोलर नेरेइदानं गुंडाळला, तोंडातली पिन काढून त्यात खोचली, आणि दाराकडे मुद्दाम पाठच ठेवली. दारात रादामेस येऊन उभा राहिलाय हे तिला आरशात दिसत होतं. तिचा मुलगा, पंचविशीतला, लांब मानेचा, उजवा खांदा अजून किंचित उतरलेला. हेल्मेट कोपराला अडकवलेलं, बाजाराला निघालेल्या बाईच्या पिशवीसारखं.

"आशीर्वाद, आई."

घराबाहेर पडताना लेकरानं आशीर्वाद मागायचा आणि आईनं हातातलं काम न सोडता 'देव तुझं भलं करो' म्हणायचं, हे मोका गावात इतकं अंगवळणी पडलेलं, की घरात कडाक्याचं भांडण झालं तरी ते चुकत नाही. नेरेइदा गप्प राहिली.

"आई, आशीर्वाद."

"आधी डोक्यावर घाल. मग देते."

पार्लरमधल्या बायकांच्या गप्पा थांबल्या. थांबली नाही ती चेपा. नेरेइदाच्या हाताखाली तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि जिभेला हाड कधीच नव्हतं.

"मेंदू कोपरात आहे का रे तुझा?" ती म्हणाली. "तसं असेल तर बरोबर जागी घातलंयस बाबा."

बायका खिदळल्या. रादामेसही ओठांच्या कडेनं हसला, थोडा वेळ थांबला, आणि आशीर्वाद न घेताच वळला. बाहेर मोटरसायकलच्या किकचा आवाज आला. नेरेइदानं कंगवा खाली ठेवला, उचलला, परत ठेवला. मग तो हातात घेऊनच ती रस्त्यावर धावली. गाडी कोपऱ्यावरच्या दुकानापाशी वळत होती.

"देव तुझं भलं करो!" ती ओरडली. "ऐकलंस का रे? भलं करो!"

त्यानं मागे न बघता एक हात वर केला. वाऱ्यानं उडणारे त्याचे केस तिला तेवढ्या लांबूनही दिसले.

ती धापा टाकत परत आली तेव्हा दोनिया फिआ आरशातून म्हणाली, "एवढाच तुझा निग्रह?"

"आशीर्वादाशिवाय गेला आणि काही झालं तर?" नेरेइदा म्हणाली. "मला नाही जमत, बाई."

प्रयत्न काय कमी झाले होते? आधी ती रागावली, मग रडली, मग चार दिवस बोललीच नाही. फादरना सांगून पाहिलं. त्यांनी रादामेसला बोलावून घेतलं, तो मान खाली घालून सगळं ऐकून आला आणि तसाच बोडक्या डोक्यानं गाडीवर बसला. न्यूयॉर्कच्या मावशीनं खांद्यांना, कोपरांना जाड गाद्या लावलेलं जाकीट पाठवलं. ते दारामागच्या खुंटीला लटकत राहिलं आणि दिवे गेले की तिथे कुणी उभं आहेसं वाटून नेरेइदा दचकायची. पालथ्या घड्यावर पाणी, चेपा म्हणायची.

बरं, हेल्मेटचं वावडं होतं म्हणावं तर तसंही नाही. चौकातल्या इतर पोरांसारखा रादामेसही भाड्यानं मोटरसायकलवर माणसं पोचवतो, आणि अख्ख्या मोकात मागे बसणाऱ्याला हेल्मेट घालायला लावणारा तो एकटा. त्यासाठी एक जास्तीचं त्यानं मागे कायम बांधून ठेवलेलं असतं. हनुवटीखाली पट्टा लागल्याशिवाय गाडी हलत नाही. गिऱ्हाईकं कुरकुरतात, दुसऱ्याच्या गाडीवर जाऊन बसतात. सोबतची पोरं त्याला 'बिशप' म्हणतात. पार्लरमधून केस करून निघालेल्या बाया तर त्याच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाहीत. याच बाया गरम हवेच्या टोपाखाली डोकं खुपसून तासन्‌तास गावाची उणीदुणी काढत बसतात, तेव्हा त्यांना काही होत नाही. हेल्मेट म्हटलं की मात्र जीव घुसमटतो. शनिवारी केलेले केस रविवारी चर्चमधल्या मिस्सेला, संध्याकाळच्या नाचाला आणि जमलं तर बुधवारपर्यंत पुरवायचे असतात. केस म्हणजे अब्रू.

मागच्या वर्षापर्यंत नेरेइदाही हेच म्हणत होती.

त्या दिवशी दिलेनियाचा, तिच्या धाकट्या मुलीचा, पदवीदान समारंभ होता. पोरगी नर्स झाली होती. सकाळभर नेरेइदा तिच्या केसांशी झुंजली. रोलर, टोप, ड्रायर, मग गरम चिमट्यानं एकेक बट वळवून खांद्यावर सोडलेली. दिलेनियाचे केस दाट आणि हट्टी, पण त्या दिवशी त्यांनीही हार मानली. रादामेस तिला न्यायला आला. तेव्हा त्याच्याजवळ एकच हेल्मेट होतं. ते त्यानं डोक्यावरून काढलं आणि बहिणीपुढे धरलं.

"तू घाल."

"खबरदार!" नेरेइदा ओरडली. "माझी अख्खी सकाळ गेलीय त्या डोक्यावर. त्या पातेल्यात घालून चेपू नकोस!"

सगळ्या हसल्या. सगळ्यात मोठ्यानं दिलेनिया. "हुकूम झाला, बाबा," ती भावाला म्हणाली, आणि ते हेल्मेट तिनंच परत त्याच्या डोक्यावर बसवलं. वरून एक टपली मारली.

वेगही फार नव्हता. कुणाच्या तरी बांधकामाची वाळू रस्त्यावर आली होती, वळणावर गाडी घसरली. रादामेसचं हेल्मेट तडकलं, खांद्याचं हाड मोडलं. दिलेनिया फुटपाथच्या कडेवर आपटली. दवाखान्यात नेरेइदानं तिला पाहिलं तेव्हा डाव्या बाजूच्या बटा जशाच्या तशा होत्या.

मुलगी घरात शेवटची निजलेली असताना नेरेइदाची नणंद ओलिम्पिया सगळ्यांदेखत रादामेसला म्हणाली, "तुझ्या डोक्यावर होतं ना रे? मग पोरीला का नाही दिलंस?"

हात गळ्यात बांधलेला रादामेस भिंतीला टेकून उभा होता. त्यानं आईकडे पाहिलं नाही.

"सुचलं नाही, आत्या."

नेरेइदा तिथेच होती, हात लांब केला तर पोचेल एवढ्यावर. तिनं तोंड उघडलं होतं. पण कुणीतरी कॉफी पुढे केली, कुणीतरी जपमाळेची प्रार्थना सुरू केली, आणि ते तोंड मिटलं ते मिटलंच. खापर पोराच्या डोक्यावर फुटलं, आणि त्यानं ते फुटू दिलं. हाड जुळल्यावर तो पुन्हा गाडीवर बसला तो बोडक्या डोक्यानं. का, ते नेरेइदाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तिच्या रागावण्याला कधी जोर आला नाही.

दिलेनियाच्या वर्षाच्या मिस्सेच्या दिवशी पार्लर बंद होतं. तरी चेपा सकाळीच आली आणि तिनं खुर्चीवर हात आपटला.

"बस इथे."

"मला नको."

"नको काय? वर्षभर काळ्या रुमालाखाली झिपऱ्या बांधून फिरलीस, मी अवाक्षर काढलं नाही. दिव्याखाली अंधार, म्हटलं असू दे. पण आज लेकीच्या मिस्सेला अशी केरसुणी होऊन जाणार? काय वाटेल तिला?"

नेरेइदा बसली. चेपानं जीव ओतला. पांढऱ्या बटांना रंग लावला, रोलर लावले, ड्रायरनं एकेक पट्टी ताणून सरळ केली, टोकं आत वळवली. काम झाल्यावर नेरेइदानं आरशात पाहिलं आणि घाईनं नजर काढून घेतली. दिलेनिया तोंडावळ्यानं तिच्यावरच गेली होती.

बाहेर रादामेस गाडीजवळ उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कोपराला हेल्मेट. चर्च वरच्या चौकात, चढ संपतो तिथे. चेपाचा दीर आपली मोटार घेऊन त्यांना न्यायला येणार होता.

"मी तुझ्याबरोबर येते," नेरेइदा म्हणाली.

रादामेसनं वर पाहिलं. वर्षभरात ती कुणाच्याच गाडीवर बसली नव्हती, बाजारापर्यंतसुद्धा पायी जायची. सवयीनं त्याचा हात मागे बांधलेल्या हेल्मेटकडे गेला. त्यानं ते सोडवलं, तिच्यापुढे धरलं, आणि मग त्याचं लक्ष तिच्या केसांकडे गेलं. हात होता तिथेच राहिला. मग हळूहळू मागे यायला लागला.

"मोटार येतेच आहे, आई," तो म्हणाला. "तिच्यातून ये तू. केस—"

"आण इकडे."

"अगं बाई!" चेपा दारातून किंचाळली. "माझी अख्खी सकाळ गेलीय त्या डोक्या—"

आणि तिनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. त्या दिवशी तीही याच दारात हसत उभी होती.

नेरेइदानं हेल्मेट घेतलं आणि वरून खाली दाबलं. कानांशी स्प्रे मारलेले केस करकरले. आत परक्या डोक्यांच्या घामाचा वास होता. पट्टा तिला लावता येईना. रादामेसनं लावला. रोज पन्नासदा ते करणाऱ्या त्याच्या बोटांना आज कडी सापडत नव्हती.

"तूही घाल," ती म्हणाली.

त्यानं नकारार्थी मान हलवली. ती मागे बसली.

चढावर गाडी सावकाश गेली. नेरेइदाच्या डोळ्यांसमोर त्याची मान होती आणि मागचा भोवरा, जो पोर अंगावर पीत असल्यापासून ती ओळखत होती. पहिली कात्री त्या भोवऱ्यावर तिनंच चालवली होती. आता तिथे ऊन पडलं होतं, वारा लागत होता. ते डोकं किती लहान दिसतं, तिच्या मनात आलं. खड्डा आला की तिची बोटं त्याच्या शर्टात रुतत होती.

चर्चच्या पायऱ्यांवर काळ्या-पांढऱ्या कपड्यांतली नातलग मंडळी जमली होती. नेरेइदानं हेल्मेट काढलं. केस वरून चपटे, एका बाजूला कानावर चिकटलेले, मागे उभे राहिलेले. अर्ध्या मोकाची डोकी सजवणारी बाई अशी पायऱ्या चढायला लागली तशी माणसं बोलायची थांबली. रादामेस तिच्या मागोमाग आला. त्यानं दोन बोटांनी तिची एक बट उचलून सरळ करायचा प्रयत्न केला.

"राहू दे," ती म्हणाली.

ओलिम्पिया पुढे झाली. तिचे केस अर्थातच कडक, जागच्या जागी.

"नेरेइदा, हे काय करून घेतलंस? आजच्या दिवशी तरी!"

"हेल्मेट घातलं होतं, वन्सं."

"एवढ्याशा अंतराला?"

"तीसुद्धा एवढ्याशाच अंतराला निघाली होती." पुढचं नेरेइदा जरा मोठ्यानं बोलली, मागच्यांनाही जाईल असं. "रादामेसला सुचलं होतं. स्वतःच्या डोक्यावरचं काढून त्यानं तिच्यापुढे धरलं होतं. मी घालू दिलं नाही. केस बिघडतील म्हणून."

"आई," रादामेस म्हणाला. "कशाला?"

ओलिम्पियाचा हात आपोआप स्वतःच्या केसांकडे गेला आणि तिथून खाली आला. बाकीच्यांनी माना वळवल्या. आतून घंटा वाजली, म्हणून सगळे आत गेले.

मिस्सा झाली. फादरनी दिलेनियाचं पूर्ण नाव घेतलं तेव्हा नेरेइदा रडली, रादामेसही रडला, एकाच रुमालात. केसांना मात्र तिनं हात लावला नाही.

बाहेर आल्यावर मंडळी आपापल्या गाड्यांकडे पांगली. घरी कॉफी, पाव आणि चीज वाट बघत होतं. रादामेसनं आईच्या डोक्यावर हेल्मेट बसवलं, पट्टा लावला, गाडीवर बसला. ती मागे बसली. त्याचं हेल्मेट अजून कोपरालाच होतं. पाय किकवर ठेवून तो तसाच थांबला.

"आशीर्वाद, आई," तो समोर बघत म्हणाला. जायचं एकाच घरी होतं, एकाच गाडीवरून, तरी त्यानं मागितला.

"देव तुझं भलं करो," ती लगेच म्हणाली. पुढे काहीही जोडलं नाही.

त्यानं हँडल सोडलं. मग त्यानं कोपर वाकवलं, हेल्मेट सोडवलं, आणि डोक्यावर चढवलं. पट्टा त्याचा त्यानं लावला.

नेरेइदानं मागून हात वर केला आणि त्याच्या हेल्मेटवर हलकेच एक टपली मारली.

त्याचे खांदे हलायला लागले. आधी सरळ असलेला, मग उतरलेला. तिनं दोन्ही हातांनी त्याला कंबरेशी धरलं. मागे अडकलेल्या मोटारीनं भोंगा वाजवला, परत वाजवला, तरी त्यानं किक मारली नाही आणि तिनंही घाई केली नाही.